पान कधी बनलं? स्टॅटिक आणि डायनॅमिक वेबपेज, स्वतः करून बघताना

कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या एका दुकानात वेबसाइटचं काम ठरवायला बसलो होतो. समोर कापशी चपलांचे जोड रचलेले. दुकानदार मामांचा मुलगा मोबाइलवर दुसऱ्या एका दुकानाची साइट दाखवत होता, तिच्यावर मोठे फोटो एकामागून एक सरकत होते. मामा म्हणाले, "असली हलणारी पायजे बघा. डायनॅमिक."

मी विचारलं, "मामा, तुमच्या साइटवर रोज काय बदलणार?"

ते जरा थांबले. "रोज? रोज काय न्हाई. दिवाळीला नवीन जोड येत्यात, तवा फोटो बदलायचं."

म्हणजे मामांना हवी होती ती स्टॅटिक साइट. मुलगा दाखवत होता ती साइटही स्टॅटिकच होती. फोटो सरकवण्याचं काम मोबाइलमधला ब्राउझर करत होता, सर्व्हरने, म्हणजे साइट ठेवलेल्या लांबच्या कॉम्प्युटरने, आधीपासून तयार असलेलं पान फक्त पाठवून दिलं होतं. हलतंय म्हणजे डायनॅमिक, हा गैरसमज मला शिकणाऱ्या मुलांमध्ये आणि साइट बनवून घेणाऱ्यांमध्येही सारखा भेटतो. त्यापायी लोकांचे पैसे जातात, म्हणून हा विषय मुळापासून आणि हाताने करून समजून घेऊ. एक विंडोज कॉम्प्युटर आणि तासभर वेळ एवढं पुरेल.

पत्रिका आणि पावती

वेबपेजकडे बघून एकच प्रश्न विचारायचा: हे पान तयार कधी झालं?

लग्नाची पत्रिका आधी छापून तयार असते. हजार लोकांना वाटली तरी प्रत्येकाच्या हातात तोच मजकूर जातो. स्टॅटिक पान तसं असतं. फाइल सर्व्हरवर पडून असते, कुणी मागितली की सर्व्हर तिची प्रत पाठवतो आणि मोकळा होतो.

दुकानातली पावती वेगळी. दुकानाचं नाव, रकाने, खालची सहीची जागा हे छापील असतं. गिऱ्हाइकाचं नाव, माल आणि रक्कम मात्र गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावरच लिहिली जाते. डायनॅमिक पान हे असं असतं. सर्व्हरवर पानाचा नुसता नमुना असतो. तुम्ही पान मागता तेव्हा एक प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून माहिती उचलतो, नमुन्यात भरतो आणि ते ताजं पान तुमच्याकडे पाठवतो. पुढच्या माणसासाठी पुन्हा नवी पावती.

वेबची सुरुवात पत्रिकेने झाली. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या लोकांना खुलं झालं, तेव्हाची पानं म्हणजे साध्या फाइली होत्या. सर्नने त्यांची ती पहिली साइट २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली, आजच्या ब्राउझरमध्येही ती सरळ उघडते. फाइल टिकली की पान टिकलं, ही स्टॅटिकची ताकद. मागितल्यावर प्रोग्रॅम चालवून पान बनवायची सीजीआय ही रीत १९९३ ची. सर्व्हरवर पानं बनवायला वापरतात ते पीएचपी रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, आणि त्याच वर्षी ब्राउझरच्या आत चालणारी जावास्क्रिप्ट आली. आज आपण ज्यात गोंधळतो ते बरंचसं या चार-पाच वर्षांत जन्मलं.

पहिली पायरी: पत्रिका बनवा

नोटपॅड उघडा आणि चार ओळी मराठीत लिहा. दुकानाचं नाव, पत्ता, उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार. आता 'सेव्ह अ‍ॅज' करा. फाइलचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत इंडेक्स, मग डॉट, मग एचटीएमएल. खाली 'सेव्ह अ‍ॅज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडायला विसरू नका, नाहीतर नावाच्या शेवटी टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझर त्याला वेबपेज मानत नाही. 'एन्कोडिंग'मध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा. ही निवड चुकली तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते.

फाइलवर डबल क्लिक करा. पान उघडेल, पण चारही ओळी एकाच ओळीत आलेल्या दिसतील. घाबरू नका. एचटीएमएलला, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेला, तुमचा एंटर समजत नाही, ती तिथे नुसती एक मोकळी जागा धरते. ओळ तोडायची असेल तिथे कोनी कंसात बी आर ही दोन इंग्रजी अक्षरं लिहा, सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये एफ ५ दाबा. ओळी सुट्या होतील. हे तुमचं पहिलं स्टॅटिक पान.

आता फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मॉडिफाइड'ची वेळ बघून ठेवा. ब्राउझरमध्ये दहा वेळा एफ ५ दाबा. पानातलं काही बदलणार नाही आणि ती वेळही बदलणार नाही. पेनड्राइव्हवरून हीच फाइल मित्राच्या कॉम्प्युटरवर नेली तर तिथेही, इंटरनेट बंद असताना, हेच दिसेल.

इथे कोल्हापुरात हमखास अडणारी एक गोष्ट सांगतो. दुकानाचं माहितीपत्रक आधी प्रेसमध्ये छापलेलं असतं, म्हणून मालक म्हणतात, "मजकूर तयार आहे, तोच टाका." तो मजकूर बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्या फाइलीत खरी मराठी अक्षरं नसतातच. असतात इंग्रजीसाठीचे कोड, आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. वेबपेजवर फॉन्ट बदलला की उरतो निव्वळ कचरा, आणि गूगललाही तो कचराच दिसतो. असा मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एकेक ओळ नीट वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हटकून हलतात.

दुसरी पायरी: पावती बनवा

आता सर्व्हर लागेल. तो विकत घ्यायची गरज नाही. झॅम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर अपाची फ्रेंड्सच्या साइटवरून उतरवून बसवा. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपाची या सर्व्हर प्रोग्रॅमसमोरचं 'स्टार्ट' दाबा. नाव हिरवं झालं की तुमचा कॉम्प्युटरच सर्व्हर झाला. हिरवं होत नसेल तर बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने ८० नंबरचं पोर्ट अडवलेलं असतं. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा.

झॅम्पच्या फोल्डरमध्ये एचटीडॉक्स नावाचं फोल्डर आहे. त्यात नोटपॅडने नवी फाइल करा. नाव इंग्रजीत टाइम, डॉट, पीएचपी. या वेळी एन्कोडिंग साधं 'यूटीएफ-८' ठेवा, बॉम नको. आत एकच ओळ लिहायची आहे. आधी उघडणारा कोनी कंस, लगेच प्रश्नचिन्ह, लगेच बरोबरचं चिन्ह. मग डेट हा शब्द छोट्या इंग्रजी अक्षरांत. पुढे गोल कंस, त्यात एकेरी अवतरणचिन्हांमध्ये कॅपिटल एच, कोलन, स्मॉल आय, कोलन, स्मॉल एस. गोल कंस बंद. शेवटी प्रश्नचिन्ह आणि बंद होणारा कोनी कंस. ही ओळ सर्व्हरला सांगते: आत्ताचे तास, मिनिटं, सेकंद इथे लिही.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव टाका. वेळ दिसेल. एफ ५ दाबा, सेकंद पुढे गेलेले दिसतील. पुन्हा दाबा, पुन्हा पुढे. आता या फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मॉडिफाइड'ची वेळ बघा. ती तिथल्या तिथेच आहे. फाइल बदललेली नाही, तरी पान दर वेळी नवं येतंय. मी शिकवताना हा क्षण कधीच घाईने उरकत नाही. दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून मुलांना दोन-तीन मिनिटं नुसतं बघू देतो. फाइल आणि पान या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे इथे डोळ्यांना दिसतं, आणि एकदा दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

कदाचित तुमचं घड्याळ साडेतीन किंवा साडेचार तास मागे असेल. झॅम्पच्या सेटिंगमध्ये बहुतेकदा बर्लिनची वेळ भरलेली असते. चूक वाटते, पण तीही शिकवून जाते: ही वेळ ब्राउझरने लिहिली असती तर भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली असती. पान सर्व्हरने लिहिलं, म्हणून सर्व्हरच्या सेटिंगमधली वेळ आली. पीएचपी डॉट आयएनआय या फाइलीत टाइमझोनच्या ओळीवर एशिया, तिरकी रेघ, कोलकाता असं इंग्रजीत लिहा आणि अपाची बंद करून पुन्हा सुरू करा.

आणखी दोन गोष्टी करून बघा. पान उघडं असताना कंट्रोल आणि यू दाबा, म्हणजे पानाचा मूळ मजकूर दिसेल. तिथे तुमची पीएचपीची ओळ नसेल, फक्त वेळेचे आकडे असतील. पावती गिऱ्हाइकाच्या हातात गेली, पुस्तक गल्ल्यावरच राहिलं. मग एचटीडॉक्समध्ये जाऊन त्याच फाइलवर थेट डबल क्लिक करा. कोड जसाच्या तसा दिसेल, फाइल डाउनलोड होऊ लागेल किंवा कशात उघडायची असं विंडोज विचारेल, वेळ काही येणार नाही. सर्व्हर मधे आलाच नाही, मग पावती लिहिणार कोण?

आता पावतीत माहिती भरू. एचटीडॉक्समध्ये रेट नावाची टीएक्सटी फाइल करा आणि तिच्यात कापशी जोडाचा काहीतरी दर लिहा, नुसता आकडा. मग नवी पीएचपी फाइल करा. तिच्यात मराठीत लिहा "आजचा दर:" आणि पुढे मघासारख्याच खुणांच्या मधे डेटच्या जागी फाइल अंडरस्कोर गेट अंडरस्कोर कंटेंट्स हे फंक्शन, कंसात अवतरणचिन्हांत त्या टीएक्सटी फाइलचं पूर्ण नाव. पान उघडा, दर दिसेल. आता टीएक्सटी फाइलमधला आकडा बदला आणि एफ ५ दाबा. पानाच्या फाइलला हात न लावता पान बदललं. नमुना एकीकडे, माहिती दुसरीकडे. टीएक्सटी फाइलच्या जागी मायएसक्यूएलसारखा डेटाबेस ठेवला आणि एका आकड्याच्या जागी पाचशे जोडांची यादी ठेवली की झालं ऑनलाइन दुकान. वर्डप्रेस हे साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर आतून हेच करतं.

तिसरा प्रकार: ब्राउझरने भरलेलं पान

कधी पान येतं पत्रिकेसारखं, पण त्यात एक रकाना रिकामा असतो. पान तुमच्याकडे पोचल्यावर त्यातली जावास्क्रिप्ट पुन्हा सर्व्हरकडे जाते, फक्त आकडा आणते आणि रकान्यात बसवते. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पडद्यावर दिसणारा एखादा आकडा लक्षात ठेवा, कंट्रोल आणि यू दाबून मूळ मजकूर उघडा, आणि कंट्रोल आणि एफ दाबून तो आकडा शोधा. सापडला तर तो बहुधा सर्व्हरकडूनच लिहून आला. सापडला नाही तर ब्राउझरने मागाहून भरला.

उलट, पत्त्याच्या शेवटी एचटीएमएल आहे की पीएचपी, यावरून अंदाज बांधू नका. सर्व्हरवर पत्ते हवे तसे दाखवता येतात. खरं सांगायचं तर एखादं पान आधी बनवून ठेवलं होतं की मागितल्यावर बनलं, हे बाहेरून प्रत्येक वेळी ओळखता येतंच असं नाही. तसं का, ते पुढच्या उदाहरणात कळेल.

पंचगंगेची पातळी कशी दाखवाल?

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी रात्री कुणी झोपलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी मोबाइल उचलायचं, आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक तिकडून तेच करत असायचे.

अशा पातळीचं पान तुम्हाला बनवायचं असेल तर? पहिलं उत्तर सुचतं की आकडा बदलतो, म्हणजे डायनॅमिक. शिकाऊ माणूस पीएचपीचं पान करतो, ते दर वेळी डेटाबेसला विचारतं. एरवी चालून जाईल. पण पुराच्या रात्री हजारो लोक एकदम एफ ५ दाबत असतात आणि सर्व्हर प्रत्येकासाठी नवी पावती लिहायला बसतो. सगळ्या पावत्यांवर आकडा मात्र एकच. गर्दी सोसवली नाही की नेमक्या गरजेच्या वेळी पान उघडेनासं होतं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. समजा नोंद तासाला एकदा होते. तर पान तासाला एकदाच बनवा. नवी नोंद आली की प्रोग्रॅमने एक साधी एचटीएमएल फाइल लिहून ठेवायची, आणि पुढच्या नोंदीपर्यंत सगळ्यांना तीच फाइल द्यायची. बनवताना डायनॅमिक, वाटताना स्टॅटिक. याला कॅशिंग म्हणतात, आणि वर्डप्रेसची कॅशिंग प्लगिनं, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, हेच काम करतात. तयार फाइल वाटणं सर्व्हरला इतकं हलकं असतं की साधं होस्टिंगही, म्हणजे साइटसाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागाही, बरीच गर्दी पेलतं.

फक्त अशा पानावर आकड्याशेजारी 'रात्री ११ ची नोंद' असं ठळक लिहिलंच पाहिजे. साठवलेली प्रत शिळी असू शकते. ती सर्व्हरवर शिळी असेल किंवा तुमच्या ब्राउझरने जुनी धरून ठेवलेली असेल. नदीकाठच्या माणसाने जुना ४१ चा आकडा बघून सामान हलवायचं थांबवलं, असं आपल्या पानामुळे होता कामा नये. तुम्ही स्वतः बघत असाल आणि शंका आली, तर कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबा. ब्राउझर आपली जुनी प्रत सोडून नवी मागवतो.

कुणाला काय लागतं

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांनी कुणाकडून तरी मोठ्या खर्चाने डायनॅमिक साइट करून घेतली होती, अ‍ॅडमिन पॅनेल वगैरे सगळं. तीन वर्षांत त्यात एकदाही लॉगिन झालं नव्हतं. पासवर्ड हरवलेला, प्लगिनं जुनी झालेली, आणि एके दिवशी दुकानाच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. त्यांची साइट होती चार पानांची, पत्ता आणि फोटो एवढीच. ज्या प्रोग्रॅमची गरज नव्हती तो सर्व्हरवर चालत राहिला आणि कुणीतरी त्याच्या फटीतून आत शिरलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण टाळता येण्यासारखं होतं. नुसत्या स्टॅटिक फाइलींत आत शिरायला प्रोग्रॅम नसतो. होस्टिंगचा पासवर्ड तेवढा सांभाळायचा.

म्हणून आधी विचारा: रोज बदलतं का? बदलणार कोण? आणि प्रत्येक माणसाला वेगळं दिसायला हवं का?

उद्यमनगरातल्या फौंड्रीला मशिनरीची यादी, कामाचे फोटो आणि फोन नंबर दाखवायचा आहे: स्टॅटिक. एखाद्या तालमीला आपला इतिहास आणि उत्सवाचे फोटो ठेवायचे आहेत: स्टॅटिक. गुजरीतल्या सराफाला रोजचा सोन्याचा भाव दाखवायचा आहे: इथे मन डायनॅमिककडे धावतं, पण एका आकड्यासाठी अख्खी साइट तशी करू नका. गूगल शीटमध्ये भाव लिहा, 'पब्लिश टू वेब' करून ते शीट स्टॅटिक पानात बसवा. मोबाइलवरून आकडा बदलला की काही मिनिटांत पानावर दिसतो.

अंबाबाईच्या देवळाजवळच्या यात्री निवासाला नवरात्रात खोल्यांचं ऑनलाइन बुकिंग घ्यायचं असेल, तर मात्र खरी डायनॅमिक साइट लागेल, त्यात काटकसर नको. शेवटची एक खोली दोन शहरांतले दोघं एकाच मिनिटाला मागत असतील तर ती एकालाच मिळाली पाहिजे, आणि तो निवाडा डेटाबेसनेच करायचा असतो. शीट आणि फॉर्म इथे पुरे पडत नाहीत. लॉगिन, पैसे भरणं, प्रत्येकाची वेगळी माहिती असं काहीही आलं की डायनॅमिक साइट, आणि तिचे अपडेट्स व बॅकअप बघायला नेमलेला माणूस, दोन्ही धरूनच खर्च काढा.

पान फुकट कुठे चढवायचं, तर स्टॅटिकसाठी गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्या मोफत योजना आहेत. गिटहब पेजेस सरावाला उत्तम, पण ऑनलाइन विक्रीच्या साइटसाठी ते नाही, असं त्यांच्या नियमांतच आहे. पीएचपी यांपैकी कुठेही चालत नाही. त्यासाठी पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेलं होस्टिंग घ्यावं लागतं. पन्नासेक स्टॅटिक पानं झाली आणि प्रत्येकात फोन नंबर बदलायचा कंटाळा आला, की ह्यूगो किंवा जेकिल शिका. ती नमुना आणि मजकूर जुळवून सगळी पानं तुमच्याच कॉम्प्युटरवर एकदम बनवून देतात, आणि चढवायच्या त्या तयार फाइली.

मामांची साइट शेवटी तीन स्टॅटिक पानांची झाली. जोडांचे फोटो, दुकानाचा नकाशा, आणि प्रत्येक फोटोखाली व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. फक्त 'कुठलं माप शिल्लक आहे' हे एका गूगल शीटमधून येतं. ते मुलगा रात्री दुकान वाढवताना मोबाइलवरून भरतो. साइट चढवल्यावर मी त्याला एवढंच करायला लावलं: शेजारच्या दुकानदाराचा मोबाइल मागून घे, आपलं वायफाय बंद असू दे, आणि तिथून उघडून बघ. पहिल्या वेळी फोटो दिसलेच नाहीत. फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर होतं आणि पानात स्मॉल लिहिलेलं. विंडोजवर ते चालून गेलं होतं, तिकडच्या सर्व्हरवर चाललं नाही. नाव दुरुस्त करून पुन्हा चढवलं आणि कापशीचे जोड दिसू लागले.